डॅशबोर्डमधले भगदाड : उपनगरांतल्या कारटेप चोरीचा इतिहास

#थ्रेड #मुंबईचा_इतिहास

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मुंबईत गाडी बाळगलेल्या पिढीकडे एक किस्सा हमखास असतो. अंधेरीच्या एका गृहस्थांच्या गाडीतला टेप रात्रीतून नाहीसा झाला. (सांगणारा मुलुंडचा असेल तर गृहस्थ मुलुंडचे होतात, घाटकोपरचा असेल तर घाटकोपरचे.) पुढच्या शुक्रवारी ते भल्या पहाटे चोर बाजारात गेले, घासाघीस करून एक टेप विकत घेतला, घरी आणून बसवला, बटण दाबले आणि आतून त्यांचीच कॅसेट बाहेर आली.

किस्सा बहुधा रचलेला आहे. याच बाजाराविषयी त्याहून जुनी एक आख्यायिका सांगतात : राणी व्हिक्टोरियाचे व्हायोलिन बोटीतून उतरवताना हरवले आणि नंतर या बाजारात विक्रीला मांडलेले सापडले. व्हिक्टोरिया राणी आयुष्यात कधी हिंदुस्थानात आलीच नाही, एवढे सांगितले की त्या आख्यायिकेचा निकाल लागतो. टेपचा किस्सा त्याच साच्यातून निघालेला दिसतो. तरीही इतिहासाच्या वाचकाने तो टाकून देऊ नये. ऐकणारे चोराच्या धिटाईवर हसतात. पण ज्याचा टेप चोरीला गेला तो सज्जन माणूस दुसरा टेप घ्यायला चोर बाजारातच का गेला, हे कोणी विचारत नाही.

या थ्रेडचे सारे म्हणणे त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे. गाडीतला टेप वाचवण्यासाठी या शहराने कुलपे, भोंगे, काळ्या काचा, रात्रीचे वॉचमन असे नाना उपाय करून पाहिले. ती चोरी अखेर ओसरली तेव्हा त्याचे श्रेय यांतल्या फारच थोड्या उपायांकडे जाते. चोरलेला टेप घेणारे गिऱ्हाईक संपले, म्हणून ती ओसरली. आणि ते गिऱ्हाईक परके कोणी नव्हते; ते त्याच गल्लीत, पुढच्या इमारतीत राहत होते.

गाडीत बसणारा रेडिओ बाजारात आणून तो खपवण्याचे श्रेय बहुधा शिकागोच्या गॅल्विन कंपनीला दिले जाते. १९३० मध्ये तिने आपल्या संचाला मोटोरोला हे नाव दिले. पुढे कंपनीनेच ते धारण केले. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टचा संच आला. हे आरंभीचे संच म्हणजे व्हॉल्व्हची अवजड खोकी. ती बसवायला निष्णात कारागीर लागे आणि काढायलाही. असला ऐवज काखोटीला मारून अंधारात पसार होणारा चोर अजून जन्माला यायचा होता. ट्रान्झिस्टरने संच लहान केला. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटने आपल्या आवडीची गाणी प्रवासात सोबत नेण्याची सोय केली. संच हलका झाला आणि हवाहवासाही झाला. इथून पुढे तो चोरण्याजोगा झाला.

भारतात या गोष्टीला आणखी एक पदर होता. रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. ही पद्धत ऐंशीच्या दशकात येऊन संपली. विदेशी इलेक्ट्रॉनिक मालावर आयातीचे निर्बंध आणि जबर जकात. त्यामुळे सोनी, पायोनियर, केनवूड ही नावे मध्यमवर्गाच्या स्वप्नांत असत आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटमध्ये ती स्वप्ने पुरीही होत. एखादा संच आखातातून आलेल्या नातलगाच्या बॅगेतून येई. बाकीचे कोणत्या किनाऱ्यावर उतरले, हे घेणारा विचारत नसे आणि विकणारा सांगत नसे. बिल अर्थातच मिळत नसे.

ते न मिळालेले बिल या इतिहासात फार महत्त्वाचे आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या १२३ व्या कलमाने एक उलटा नियम घालून दिला : सोने, घड्याळे आणि सरकार जाहीर करील असा इतर माल तस्करीचा असल्याच्या वाजवी समजुतीने जप्त झाला, तर तो तस्करीचा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर. ज्याच्या डॅशबोर्डमध्ये बिनबिलाचा जपानी संच होता, त्याने चोरी झाल्यावर पोलीस ठाण्यात जाऊन काय सांगायचे? किंमत सांगितली तर कुठून घेतला हा प्रश्न येणार. अनुक्रमांक विचारला तर तो कधी टिपूनच ठेवलेला नाही. फुटलेली काच बदलून घेऊन गप्प बसणे त्याला सोयीचे वाटले, तर नवल नाही. म्हणून त्या काळातल्या पोलिसांच्या आकडेवारीवरून कारटेप चोरीचे खरे प्रमाण काढू पाहणाऱ्याने जपून असावे. जे घडले आणि जे नोंदले गेले, त्यांच्यामध्ये मनीष मार्केट उभे आहे.

गाडीही चोराला साथ देणारी होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, बाहेर पडे. तिच्या पुढच्या दारांना वारा आत घेण्यासाठी फिरवायची एक छोटी तिकोनी काच होती. वैशाखात ती काच म्हणजे वरदान. रात्री गल्लीत उभ्या केलेल्या गाडीचा तोच सर्वांत कच्चा दुवा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. गाडी ही वर्षानुवर्षे नंबर लावून मिळणारी वस्तू राहिली नाही आणि डॅशबोर्डमधल्या त्या खाचेत काहीतरी बसवणाऱ्यांची संख्याही वाढत गेली.

खाच हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच : जर्मन मानकसंस्थेने ठरवलेले हे माप १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले. संगीतयंत्रांच्या दुकानात आजही ‘सिंगल डिन’ म्हणतात ते हेच. या एका मापाने ग्राहकाची मोठी सोय केली, कारण कोणत्याही कंपनीचा संच कोणत्याही कंपनीच्या गाडीत बसू लागला. पण हीच सोय चोराचीही झाली. बोरिवलीत एका गाडीतून निघालेला संच कुर्ल्यात दुसऱ्याच बनावटीच्या गाडीत चपखल बसे, आणि तो काढण्यासाठी लागणाऱ्या दोन पातळ पट्ट्या कोणत्याही फिटरच्या खिशात असत. मानकीकरणाचा इतिहास लिहिणारे नेहमी उत्पादक आणि ग्राहक यांच्याच बाजूने लिहितात. चोरीच्या मालालाही मानकीकरणानेच राष्ट्रीय बाजारपेठ मिळवून दिली, हा अध्याय त्यांच्याकडून राहून जातो.

आता ही गाडी रात्री उभी कुठे राहत होती, ते पाहिले पाहिजे. अंधेरी, घाटकोपर हा भाग १९५० मध्ये मुंबई महापालिकेत आला. बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत इथे उभ्या राहिलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्था लोकलने कामावर जाणाऱ्या माणसांसाठी होत्या. घर घेताना पहिला प्रश्न असे, स्टेशनपासून चालत किती मिनिटे? गाडी उभी करायला जागा आहे का, हा प्रश्न त्या माणसाच्या स्वप्नातही नव्हता. पुढे त्याच घरांत गाड्या आल्या तेव्हा त्या आवाराबाहेर, गल्लीतल्या झाडाखाली, ताडपत्रीसारखे आच्छादन पांघरून उभ्या राहिल्या. दक्षिण मुंबईतल्या जुन्या बंगल्यांना निदान गॅरेज तरी होते.

इमारतीखालच्या खांबांमधली जागा नेमकी कोणाची, यावरही भांडणे होत. त्यातला सर्वांत गाजलेला खटला उपनगरातलाच : दहिसर पूर्वेच्या आनंदनगरमधली पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था आणि तिचा बिल्डर यांच्यातला. स्टिल्टखालचे पार्किंग बिल्डरला गॅरेज म्हणून वेगळे विकता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दिला. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याचा अर्थ लावणारा म्हणून वाचतात. कारटेपच्या इतिहासात त्याचे महत्त्व निराळे आहे. ज्या गाड्या छताखाली, दिव्याखाली, वॉचमनच्या नजरेखाली उभ्या राहायला हव्या होत्या, त्या इतकी वर्षे रस्त्यावर का होत्या, याचे अर्धे उत्तर त्या खटल्यात मिळते.

आणि चोरी झाली की सोसायटीची सभा भरे. काच कोणी फोडली हे कोणालाच ठाऊक नसे. पण संशय कोणावर घ्यायचा, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असे. पहाटे बादली घेऊन येणारा गाडी धुणारा पोरगा. रात्रपाळीचा वॉचमन, ज्याला डुलकी लागली असणार. स्टेशनबाहेरचा गर्दुल्ला. वॉचमनला काढून टाकणे सर्वांत सोपे, म्हणून तेच होई. गर्दुल्ल्यांवरचा संशय सर्वस्वी निराधार होता असे नाही. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगरने या शहरातल्या अनेकांचे हाल केले आणि एका पुडीपुरते पैसे मिळवण्यासाठी लोकांनी मिळेल ते उचलले. पण गर्दुल्ला टेप ऐकण्यासाठी चोरत नव्हता. तो कोणीतरी घेत होते, पुसून-पासून दुकानात मांडत होते, आणि सभेत तावातावाने बोलणाऱ्यांपैकीच कोणीतरी पुढच्या महिन्यात ‘ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात’ टेप बसवून घेत होते. सभेच्या इतिवृत्तात ही नोंद सापडत नाही.

कायद्याला मात्र ही साखळी दीडशे वर्षे ठाऊक होती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत चोरीसाठी ३७९ कलम होते आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यासाठी ४११. दोन्हींची शिक्षा सारखीच, कमाल तीन वर्षे. चोरीच्या मालाचा नित्य व्यापार करणाऱ्यासाठी ४१३ होते आणि त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाई. म्हणजे मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या या संहितेने सराईत घेणाऱ्याला साध्या चोरापेक्षा मोठा गुन्हेगार मानले होते. ‘चोरीचा आहे असे समजण्यास कारण असताना’ घेणे हाही गुन्हाच होता. नव्या बाजारभावाच्या चौथाईला, खोक्याविना, बिलाविना मिळणारा जपानी संच कुठून आला असेल, हे समजण्यास कारण नव्हते असे कोण म्हणेल?

त्याच संहितेत एक गंमत दडलेली आहे. ३८० कलमाखाली जास्त कडक शिक्षेस पात्र ठरणारी चोरी म्हणजे इमारतीतली, तंबूतली किंवा जहाजातली. १८६० मध्ये माणूस आपला ऐवज याच तीन ठिकाणी ठेवत असे. मोटारगाडी अजून निघायची होती. त्यामुळे गाडीची काच फोडून नेलेला टेप शतकभर साध्या चोरीतच मोडला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०५ व्या कलमात माल वा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनातल्या वस्तूंची चोरी प्रथमच त्या पंक्तीला बसली, कमाल शिक्षा सात वर्षे. तोवर डॅशबोर्डमधून उपटून नेण्यासारखे फारसे काही उरलेले नव्हते.

उपायांची कथा मोठी रंजक आहे. आधी आले हँडल असलेले संच, अख्खाच्या अख्खा टेप खाचेतून ओढून घरी न्यायचा. उडप्याच्या हॉटेलात टेबलावर इडलीच्या बशीशेजारी टेप ठेवून बसलेली माणसे त्या काळात दिसत. मग नव्वदीत सुटी होणारी पुढची पट्टी आली. पट्टी काढून घेतली की उरलेला संच आंधळा आणि मुका. ती न्यायची छोटीशी मखमली डबी मिळे. पण माणसाचा आळस कोणत्याही तंत्रापेक्षा जुना आहे. बहुतेकांनी ती पट्टी काढून डॅशबोर्डच्याच खणात ठेवली, आणि चोरांना हे कळायला फार दिवस लागले नाहीत.

भोंग्यांची गोष्ट तर विनोदीच. दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब फुटला की गल्लीतल्या सगळ्या गाड्या एका सुरात कोकलू लागत. मांजर बॉनेटवर चढले तरी तेच. चार रात्रींत लोकांना त्या आवाजाची इतकी सवय होई की खरा चोर आला तरी कोणी खिडकी उघडत नसे. काळ्या फिल्मने आतला टेप दिसत नाही, पण आत शिरलेला चोरही दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हा कारण वेगळे होते. गुन्हे करणाऱ्यांना तिचा आडोसा मिळतो, हे. न्यूयॉर्कमध्ये ऐंशीच्या दशकात लोक काचेवर ‘रेडिओ नाही’ अशी पाटी लावत. मुंबईत ती प्रथा रुजली नाही. इथे गाडीत रेडिओ नाही असे चारचौघांत कबूल करणे जड गेले असावे.

या सगळ्यांत एक उपाय खरोखर गुणाचा होता : सांकेतिक क्रमांक. वीज तुटली की संच क्रमांक मागतो, नाही दिला तर वाजत नाही. याचे सामर्थ्य कुलपात नव्हते. काच तर फुटतच होती. पण चोरलेला संच दुसऱ्या गाडीत वाजणार नाही, म्हणजे त्याला भाव येणार नाही, हे चोराला काच फोडण्याआधी कळावे यासाठी काचेवर चिकटपट्टी आणि लुकलुकणारा लाल दिवा असे. तो उपाय चोराशी बोलत होता, त्याच्या गिऱ्हाइकाविषयी.

ब्रिटनच्या गृहखात्यासाठी गुन्हेशास्त्रज्ञ रोनाल्ड क्लार्क यांनी १९९९ मध्ये ‘हॉट प्रॉडक्ट्स’ हा अहवाल लिहिला. चोरांना प्रिय असलेल्या वस्तूंचे सहा गुण त्यांनी सांगितले : लपवता येणे, उचलता येणे, जागोजागी असणे, मोलाची असणे, भोगता येणे आणि विकून मोकळे होता येणे. कारटेप या साऱ्या कसोट्यांवर उतरतो. १९९१ नंतर हे गुण एकेक करून गळत गेले. जकात उतरली. १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे संख्यात्मक आयातनिर्बंध उठले आणि स्वस्त परदेशी माल राजरोस दुकानांत आला. संच गाडीबरोबर कारखान्यातूनच येऊ लागला. आणि मग तो डॅशबोर्डच्या घडणीतच असा मिसळून गेला की एका गाडीचा पडदा दुसरीत बसेना. १८० बाय ५० ची ती खाचच बुजली. त्यानंतर उरली ती गाणी, आणि ती मोबाइलमध्ये गेली. मग चोरही मोबाइलकडे वळले, यात आश्चर्य काय?

कोणी म्हणेल, हा सगळा तंत्रज्ञानाचा प्रताप. त्यात गिऱ्हाइकाला कशाला गोवायचे? त्याला उत्तर कुर्ल्यात आहे. कालिना-कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. (त्या नावातली तीन अक्षरे बोरीबंदरच्या टर्मिनसची नव्हेत. ती सेंट्रल साल्सेट ट्रामवेची. ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीला जाणारी ही रेल्वे १९२८ मध्ये सुरू झाली आणि अवघ्या सहा वर्षांत, १९३४ मध्ये, बंद पडली. मागे राहिला तो रस्ता आणि हे नाव.) ज्या कुर्ल्यात पद्मिनी जोडली गेली, त्याच कुर्ल्यात गाड्या सुट्या होऊ लागल्या. इथला बहुतांश व्यापार सचोटीचा आहे आणि या दुकानांमुळेच हजारो जुन्या गाड्या अजून धावतात. चोर बाजारातल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनाही नावामुळेच उगाच बोल लागतो. पण कोणता भाग कुठून आला, याची लेखी नोंद मागण्याची सवय ना विकणाऱ्याला होती ना घेणाऱ्याला. अलीकडे मारुती ईकोचे सायलेन्सर महाराष्ट्रात ठिकठिकाणी चोरीला गेले, ते आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंसाठी. वस्तू बदलली, नोंद न ठेवणारा बाजार तसाच राहिला.

जिथे बाजाराला हात घातला गेला, तिथे काही बदल दिसतो. हरवलेल्या मोबाइलचा क्रमांक देशभरात बंद पाडणारी सीईआयआर व्यवस्था २०१९ मध्ये आली. ती म्हणजे त्या जुन्या सांकेतिक क्रमांकाचेच राष्ट्रीय रूप. २०२१ च्या वाहन मोडीत काढण्याच्या नियमांनी नोंदणीकृत केंद्रांना, आलेली गाडी चोरीची तर नाही, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या यादीत पडताळण्याचे बंधन घातले. सुट्या भागांसाठी असे काही अजून रुळलेले नाही. १९५१ च्या पोलीस कायद्यातले १२४ वे कलम, ज्याखाली संशयास्पद मालाचा समाधानकारक खुलासा न देणारा दोषी ठरतो, जुनेच आहे. त्याचा उपयोग रस्त्यात पिशवी घेऊन चाललेल्या गरिबावर होतो तेवढा, चारचाकीतून उतरून तो माल घेणाऱ्यावर होताना दिसत नाही.

ज्यांच्या गाडीत आजही बाहेरून बसवलेला पडदा, अ‍ॅम्प्लिफायर किंवा सबवूफर आहे, त्यांचे हित याच इतिहासात आहे. संचाचा अनुक्रमांक बसवण्याआधी टिपून त्याचे छायाचित्र काढावे. विमा घेताना हा ऐवज स्वतंत्र जाहीर करावा. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफने कारखान्याबाहेर बसवलेल्या विद्युत उपकरणांसाठी किमतीच्या चार टक्के जादा हप्ता ठरवला होता, आणि आजही जाहीर न केलेल्या संचाची भरपाई मागणे कठीण जाते. भोंग्यापेक्षा या दोन गोष्टी स्वस्त पडतात. दोन्हींसाठी बिल लागते. अंधेरी-घाटकोपरच्या गल्ल्यांतल्या कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांत संच पसंत पडल्यावर काउंटरमागचा माणूस अजूनही तोच जुना प्रश्न विचारतो : पक्के बिल पाहिजे का? जीएसटीसकट एक भाव आहे, बिलाशिवाय दुसरा.